रेतीचा फिश टँक: साफ करताना या चुका टाळा

रेतीचा टँक बिघडतो तो बहुतेक वेळा साफसफाईच्या उत्साहापायी.

खडीची सवय असलेला माणूस सायफनचं (पाणी ओढून काढायच्या नळीचं) तोंड सरळ रेतीत खुपसतो. खडीत घाण खाली झिरपते, म्हणून तिथे ते ठीक. रेतीचे कण दाटून बसलेले असतात, त्यामुळे विष्ठा आणि उरलेलं खाणं वरच पडून राहतं. दिसायला वाईट, पण उचलायला सोपं. तोंड रेतीच्या इंचभर वर धरा आणि दुसऱ्या हाताचं बोट पाण्यात हळूच गोल फिरवा. घाण हलकी, ती उठून नळीत जाते. रेती चढू लागली की नळी अंगठ्याने दाबायची. धार थांबते, रेती परत खाली सरकते. हा हात बसायला दोन-तीन रविवार जातात. तरी मूठभर रेती बादलीत येतेच. ती टँकच्याच पाण्यात विसळून परत टाका.

दुसरी चूक माझी स्वतःची. चार इंच थर घातला होता. काही महिन्यांनी काचेलगत काळा पट्टा दिसला: खाली ऑक्सिजन पोचत नाही, तिथे असं होतं. मी सगळा थर एका दमात उकरला. सडक्या अंड्यांचा वास खोलीभर, आणि संध्याकाळी गप्पी पृष्ठभागाशी धापा टाकताना. पाणी बदललं, एअर पंप रात्रभर चालवला, तरी दोन गेले. आता थर दीड-दोन इंचच ठेवतो. डाग दिसला तर एका आठवड्याला एकच कोपरा, लाकडी काडीने. मलेशियन ट्रम्पेट गोगलगायी हे काम फुकटात करतात. फक्त खाणं जास्त पडलं की त्यांचीच पलटण होते.

सगळी रेती काढून नळाखाली धुणं तर नकोच. माशांचा अमोनिया पचवणारे जिवाणू त्याच रेतीत आणि फिल्टरच्या स्पंजात राहतात, आणि नळातलं क्लोरीन त्यांना मारतं. नव्या रेतीवर तपकिरी थर आला तर घाबरू नका, काही आठवड्यांत तो आपोआप ओसरतो.

बांधकामावरची कन्हान नदीची रेती आणणार असाल तर पाणी नितळ येईपर्यंत धुवा, मग चिमूटभर रेतीवर व्हिनेगर टाकून बघा. फेसाळलं तर त्यात चुना आहे, पाणी जड होईल.

फिल्टर घरघरतोय? इंपेलरमध्ये, म्हणजे पाणी ओढणाऱ्या फिरत्या पात्यात, रेती गेली. फिल्टरचं पाणी ओढणारं तोंड तळापासून तीन इंच वर घ्या आणि साफ करताना तो बंद ठेवा.

राहिला आपला मे महिना. दुपारी गच्चीवरच्या टाकीचं पाणी हाताला चटका देतं, ते टँकमध्ये ओतलं तर मासे शिजतील. आदल्या रात्रीच बादली भरून ठेवा, क्लोरीन घालवायला डीक्लोरिनेटरचे थेंब घाला आणि पाणी सकाळी बदला. आठवड्याला पाव टँक पुरे. नवतपात, म्हणजे मेअखेरच्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांत, खाणं निम्म्यावर आणा: गरम पाण्यात ऑक्सिजन कमी मावतो आणि उरलेला दाणा लवकर सडतो. कूलरसारखा टँकही रोज पाणी पितो. पण उडालेल्या पाण्यातले क्षार मागेच राहतात, तेव्हा वरून भर घातली म्हणजे पाणी बदललं असं धरू नका.