कॉम्प्युटर सारखा बंद पडतो? फॉरमॅट मारण्याआधी हे बघा

विदर्भातल्या मे महिन्यात पारा ४५ अंशांवर गेला की जुना कॉम्प्युटर अर्ध्या तासात आपोआप बंद होतो. बहुतेकदा दोष विंडोजचा नसतो. कापसाचा तंतू आणि धूळ प्रोसेसरच्या पंख्याखाली नमद्यासारखी बसते, हवा जात नाही. प्लग काढा, पंखा खोला, हीटसिंक (पंख्याखालचा धातूचा पाती असलेला ठोकळा) ब्रशने साफ करा. थर्मल पेस्ट (प्रोसेसर आणि हीटसिंकमधला उष्णता वाहणारा लेप) वाळली असेल तर जुनी पुसून तुरीच्या दाण्याएवढी नवी लावा, जास्त नको. रॅम (मेमरीची पट्टी) काढून तिचे सोनेरी टोक खोडरबरने हलके घासा.

तरीही बंद पडतो किंवा निळा पडदा (विंडोज कोसळल्याची खूण) येतो? मग ८ जीबीच्या पेनड्राइव्हवर लिनक्स मिंट या विंडोजऐवजी चालणाऱ्या मोफत प्रणालीची एक्सएफसीई ही हलकी आवृत्ती टाका आणि इन्स्टॉल न करता त्यावरूनच तासभर चालवा. तिथेही अडकला तर बिघाड रॅम, एसएमपीएस (वीज पुरवणारा डबा) किंवा मदरबोर्डात. पेनड्राइव्हवरच्या मेमटेस्ट या चाचणी प्रोग्रॅमने रॅम तपासा. नीट चालला तर संशय हार्डडिस्कवर किंवा विंडोजवर.

विंडोज १० चा मोफत सपोर्ट, म्हणजे नेहमीचे सुरक्षा अपडेट, १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, त्यामुळे ४ जीबी रॅमच्या मशीनला मिंट हा चांगला पर्याय आहे. सातबारा, यूट्यूब, मराठी टायपिंग सगळे होते. टॅली मात्र त्यावर थेट चालत नाही, तेव्हा दुकानाचा हिशेब असेल तर विंडोज ठेवा. इन्स्टॉल करताना ‘इरेज डिस्क’ निवडले की सगळे पुसले जाते. फोटो, कागदपत्रे आधी दुसरीकडे काढा. आणि लाइट टिकण्याचा भरवसा नसेल तर हे काम यूपीएसवरच करा.