पैठणीच्या ऑनलाइन कॅटलॉगसाठी छायाचित्रणाचे तपशीलपत्रक कसे ठरवावे

पैठणीची छायाचित्रे काढून घेताना विक्रेत्याच्या दोन अपेक्षा असतात: रंग खरा दिसला पाहिजे आणि जर, म्हणजे धातूची सोनेरी तार, चमकली पाहिजे. या दोन अपेक्षा एकमेकींना छेद देतात, कारण जरीला झळाळून टाकणारा प्रकाश रेशमाचा रंग फिका करतो आणि रेशमाचा रंग नेमका टिपणारा मऊ प्रकाश जरीला पितळी व निस्तेज करतो. दोहोंमध्ये कोठे थांबायचे हे छायाचित्रकारावर सोडले, तर प्रत्येक साडीगणिक त्याचे उत्तर बदलते आणि कॅटलॉगमध्ये एकाच मागावरच्या दोन साड्या दोन दुकानांतल्या वाटतात. तो निर्णय चित्रीकरणाआधी, मोजता येईल अशा शब्दांत लिहून ठेवणे हेच तपशीलपत्रकाचे काम आहे. त्यातील प्रत्येक कलम आपल्या गैरहजेरीत तिसऱ्या माणसाला तपासता आले पाहिजे. ‘प्रकाश छान असावा’ हे कलम नव्हे. ‘ग्रे कार्डावरील (रंग तपासण्याच्या राखाडी कार्डावरील) लाल, हिरवा व निळा या तीन मूल्यांत ३ पेक्षा जास्त फरक नसावा’ हे कलम आहे.

सुरुवात कॅमेऱ्यापासून न करता परत आलेल्या साड्यांपासून करावी. गेल्या वर्षभरात ग्राहकांनी ज्या कारणांनी साड्या परत केल्या ती कारणे एका कागदावर मांडली, की कोणते दृश्य कमी पडत होते हे आपोआप कळते. ‘रंग वेगळा निघाला’, ‘काठ फोटोत रुंद वाटला’, ‘हातमागाची म्हणून घेतली, पण पाठीमागे धागे दिसतात’, ‘ब्लाउजपीस कसा आहे ते कळलेच नाही’ अशा तक्रारींपैकी प्रत्येकीला पत्रकात एक उत्तर हवे. यामागे कायद्याचाही भाग आहे. ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम, २०२० नुसार जाहिरातीत दाखवलेल्या वैशिष्ट्यांशी न जुळणारा माल परत घेण्यास विक्रेत्याला नकार देता येत नाही, आणि कॅटलॉगमधले चित्र हीच ग्राहकाच्या दृष्टीने जाहिरात असते.

यानंतर दृश्यांची यादी ठरवावी. पैठणीसाठी माझ्या मते सात दृश्ये पुरेशी आहेत: पूर्ण साडी, पूर्ण उलगडलेला पदर, काठ व अंग एकत्र, बुट्टीचे जवळचे दृश्य, पदराची उलटी बाजू, ब्लाउजपीस आणि अंगावर नेसलेली साडी. यांपैकी उलट्या बाजूचे दृश्य बहुतेक कॅटलॉगांत नसते, आणि खरे तर तेच सर्वांत जास्त बोलते. हातमागावर टॅपेस्ट्री पद्धतीने विणलेल्या पदराची नक्षी दोन्ही बाजूंनी जवळजवळ सारखीच उमटते, तर जॅकार्डवर, म्हणजे नक्षी आपोआप विणणाऱ्या यंत्रणेवर, विणलेल्या पदराच्या मागे लोंबते किंवा कातरलेले धागे दिसतात. हे एक चित्र दिले, की वर्णनातली निम्मी विशेषणे गाळता येतात. साडीला सिल्क मार्कचे, म्हणजे शुद्ध रेशमाची खात्री देणारे, लेबल असेल, तर तेही वाचता येईल इतक्या जवळून घेण्याचे कलम घालावे.

धूपछाव रंगाच्या साडीसाठी मात्र आठवे दृश्य सक्तीचे करावे. ताणा (उभे धागे) एका रंगाचा आणि बाणा (आडवे धागे) दुसऱ्या रंगाचा असल्यामुळे अशी साडी समोरून एक रंग दाखवते व तिरक्या कोनातून दुसरा. एकाच चित्रात दोन्ही आणण्याच्या प्रयत्नात तिसराच, प्रत्यक्षात नसलेला रंग तयार होतो. म्हणून एक दृश्य समोरून आणि एक साधारण ४५ अंशांतून, दोन्ही त्याच प्रकाशात, असे स्पष्ट लिहावे.

आता प्रकाश. पत्रकातला सर्वांत मोठा भाग याच विषयाला द्यावा. एका चित्रीकरणात एकाच प्रकारचा प्रकाशस्रोत असावा. खिडकीतले ऊन, छताची ट्यूब आणि स्टुडिओचा दिवा एकत्र आले, तर साडीच्या दोन टोकांचे रंग वेगळे पडतात आणि ते नंतर कोणत्याही सॉफ्टवेअरने नीट जुळत नाहीत. रंगतापमान, म्हणजे प्रकाश किती पिवळसर वा निळसर आहे याचे माप, ५००० ते ५६०० केल्विनच्या दरम्यान, पण संपूर्ण कॅटलॉगभर एकच ठेवावे. एलईडी दिवे वापरायचे असतील, तर त्यांचा रंगदर्शक निर्देशांक, म्हणजे सीआरआय, ९५ च्या वर असावा. हा निर्देशांक मुळात आठ फिक्या रंगांची सरासरी असतो आणि गडद लाल रंग त्या आठांत येत नाही. म्हणून आर-९ हे गडद लालाचे मूल्य वेगळे मागून तेही ९० च्या वर असल्याची खात्री करावी. कुंकवी आणि मरून साड्या तपकिरी दिसण्याचे कारण अनेकदा येथेच सापडते.

जरीसाठी प्रकाशाच्या तीव्रतेपेक्षा त्याचा आकार महत्त्वाचा असतो. जरीची तार आरशासारखी वागते, म्हणजे समोर जे असेल तेच ती परावर्तित करते. स्रोत लहान असेल तर काही तार पांढरे जळतात आणि शेजारचे काळे पडतात. म्हणून मुख्य स्रोत किमान चार फूट बाय सहा फूट पडद्यातून गाळलेला असावा व तो साडीच्या एका बाजूने ४५ अंशांवर असावा. जरीचा जिवंतपणा राखण्यासाठी दुसऱ्या बाजूने एक लहान, उघडा आणि मुख्य स्रोताहून बराच मंद दिवा चालेल. चमक आवरण्यासाठी भिंगावर पोलरायझर, म्हणजे एकाच दिशेने कंपणारा प्रकाश आत सोडणारा फिल्टर, लावण्याचा सल्ला सर्रास मिळतो, पण धातूवरून परतणारा प्रकाश त्या फिल्टरने फारसा अडत नाही. दिवा आणि भिंग दोहोंवर असे फिल्टर एकमेकांना काटकोनात लावले, तर जरीची चमक जवळजवळ संपूर्ण विझते आणि सोने मातकट दिसू लागते. म्हणून पैठणीच्या पत्रकात पोलरायझरला मनाई लिहिणे मला योग्य वाटते.

रंगासाठी तीन कलमे पुरतात. पहिले, प्रत्येक दिवशी आणि प्रकाशरचना बदलल्यावर प्रत्येक वेळी २४ चौकटींच्या रंगपट्टीचे चित्र घ्यावे व त्यावरून प्रोफाइल, म्हणजे रंगदुरुस्तीची फाइल, बनवावे. दुसरे, सुपूर्द करायची सर्व चित्रे एसआरजीबी रंगावकाशात (वेबवर सर्रास वापरल्या जाणाऱ्या रंगांच्या ठरावीक कक्षेत) असावीत व एसआरजीबीचे प्रोफाइल फाइलमध्ये जोडलेले असावे. तिसरे कलम थोडे वेगळे आहे: राणी आणि मोरपंखी या रंगांतल्या काही छटा एसआरजीबीच्या मर्यादेबाहेर जातात, त्यामुळे राणी रंगाच्या साडीत लाल मूल्य २५५ या कमाल अंकाला टेकते आणि निऱ्यांच्या सावल्या सपाट होऊन साडी कागदासारखी दिसते. जरीचे चमकते बिंदू सोडून कापडावर कोणतेही मूल्य २५० च्या पुढे जाऊ नये, असे लिहावे. छटा किंचित दबली तरी चालेल, पोत हरवता कामा नये. अंतिम मान्यता मूळ साडी शेजारी ठेवून, कॅलिब्रेट केलेल्या, म्हणजे रंग तपासून जुळवलेल्या, संगणकाच्या पडद्यावर द्यावी आणि नंतर दोन साध्या मोबाइलवरही पाहावे, कारण ग्राहक तेथेच पाहणार आहे.

आकारमानाबद्दल फार विचार करावा लागत नाही. मूळ प्रत किमान ३००० बाय ४००० पिक्सेल, वेबसाइटसाठी लांब बाजू २००० पिक्सेलची जेपेग प्रत, आणि ॲमेझॉनसारख्या ऑनलाइन बाजारमंचांसाठी त्यांच्या नियमांप्रमाणे चौरस प्रत. ॲमेझॉनवर मुख्य चित्राची पार्श्वभूमी शुद्ध पांढरी, म्हणजे २५५, २५५, २५५ लागते, वस्तूने चौकटीचा ८५ टक्के भाग व्यापावा लागतो आणि चित्रावर मजकूर, लोगो किंवा वॉटरमार्क चालत नाही. पांढऱ्यावर मोतिया साडीची कड हरवते. त्यासाठी साडीच्या दोन्ही बाजूंना चौकटीबाहेर काळे पुठ्ठे उभे करावेत व पार्श्वभूमीला वेगळा दिवा द्यावा.

जवळच्या दृश्यासाठी मात्र पिक्सेलचा हिशेब करावा. सव्वा मीटर रुंदी ३००० पिक्सेलमध्ये बसवली तर सेंटीमीटरला २४ पिक्सेल मिळतात, ज्यांत धागा दिसणे शक्य नाही. दहा सेंटीमीटरची चौकट घेतली तर तेच ३०० होतात व वीण मोजता येते. बुट्टीच्या दृश्याची चौकट म्हणूनच दहा सेंटीमीटरची ठरवावी. बारीक विणीवर कॅमेरा लाटांसारखे खोटे पट्टे उमटवतो. अंतर किंवा कोन थोडा बदलल्यावर ते जातात, परंतु चित्र लहान करतानाही ते पुन्हा येऊ शकतात, म्हणून तपासणी सुपूर्द करायच्या आकारातच करावी. काठाची रुंदी खरी दिसण्यासाठी कॅमेरा साडीला समांतर, ट्रायपॉडवर, ८५ ते १०० मिलिमीटरच्या भिंगासह आणि भिंगाचे छिद्र एफ/८ ते एफ/११ वर ठेवून असावा. मोबाइलचे रुंद भिंग जवळचा काठ फुगवते आणि दूरचा आखडते, आणि काठाबद्दलची तक्रार बहुधा येथूनच उगवते.

रिटचिंगची सीमा दोन स्तंभांत लिहावी. धूळ, सुटा दोरा, घडीची वळी काढण्यास परवानगी. विणीतली गाठ, बाण्यातला सूक्ष्म फरक, पदराच्या कडेची अनियमितता काढण्यास मनाई, कारण ती हातमागाची खूण आहे. फक्त काठाचा किंवा फक्त अंगाचा रंग वेगळा करून बदलणे, आणि कृत्रिम बुद्धिमत्तेने साडीचा कोणताही भाग नव्याने निर्माण करणे, यांवर संपूर्ण बंदी असावी. पार्श्वभूमी तशी बनवली तर माझा आक्षेप नाही, परंतु नेसलेल्या साडीच्या निऱ्या यंत्राने काढल्या, की नक्षीतले मोर आपली जागा सोडतात.

पत्रक तयार झाल्यावर संपूर्ण साठा लगेच छायाचित्रकाराकडे पाठवू नये. एक मोतिया, एक गडद राणी व एक भरजरी अशा तीन साड्यांचे चाचणी चित्रीकरण करावे, जी कलमे पाळणे अशक्य ठरेल ती दुरुस्त करावीत आणि मान्य झालेली चित्रे पत्रकाला जोडून त्यावर आवृत्ती क्रमांक व तारीख घालावी. त्यापुढे प्रत्येक दहा साड्यांच्या गटातली एक साडी आपण निवडून प्रत्यक्ष चित्राशी ताडून पाहावी. ती नापास झाल्यास पूर्ण गट पुन्हा, कोणाच्या खर्चाने, हेही आधीच लिहिलेले असावे. फाइलच्या नावात साडीचा संकेतांक आणि दृश्याचा क्रमांक एवढेच असावे; रंगाचे नाव घालू नये, कारण एकाच छटेला दुकानातली माणसे वेगवेगळी नावे देतात. प्रताधिकार कायदा, १९५७ च्या कलम १७ नुसार मोबदला देऊन काढून घेतलेल्या छायाचित्राचा पहिला मालक, वेगळा करार नसेल तर, काम सांगणारा असतो, पण यात रॉ फाइल, म्हणजे कॅमेऱ्यातली प्रक्रिया न केलेली मूळ फाइल, हातात मिळण्याची हमी नसते. म्हणून रॉ फाइल आणि रंगपट्टीची चित्रे किती दिवसांत आणि कोणत्या ड्राइव्हवर सुपूर्द करायची, याचे स्वतंत्र कलम अखेरीस घालावे.