बरणीतलं चुंबकीय वादळ: घरच्या घरी मॅग्नेटोमीटर कसा करावा

१० मे २०२४ ला अक्षय्य तृतीया होती. चैत्रगौरीचं शेवटचं हळदीकुंकू आटोपून, पन्ह्याचे पेले विसळून मी रामबागेतल्या आमच्या घराच्या मधल्या अंधाऱ्या खोलीत गेले, तेव्हा रात्रीचे पावणेअकरा वाजले होते. बरणीत टांगलेल्या चुंबकाच्या आरशावरून भिंतीवर पडणारा लेझरचा लाल ठिपका जागेवर नव्हता. आधी तो डावीकडे सरकला होता. मग उलटा फिरला आणि सकाळी आठच्या सुमारास उजवीकडे साडेपाच सेंटिमीटरवर पोचला. त्या रात्री लडाखमध्ये हानलेच्या आकाशात तांबडा ध्रुवीय प्रकाश दिसला. इंदूरच्या आकाशात काहीच नव्हतं, पण वादळ एकच होतं, आणि ते माझ्या बरणीत उतरलं होतं.

तशी बरणी, म्हणजे चुंबकीय क्षेत्रातले बदल दाखवणारा मॅग्नेटोमीटर, कशी करायची ते लिहिते आहे. सगळं सामान घरात किंवा बाजारात मिळतं.

त्याआधी ठिपका का हलतो ते कळलं पाहिजे, नाहीतर सुई चुकीच्या दिशेनं टांगाल. मी तशी टांगली होती. सूर्याकडून येणारा वारा स्वतःचं चुंबकीय क्षेत्र घेऊन येतो. ते क्षेत्र दक्षिणेकडे वळलेलं असलं की पृथ्वीच्या क्षेत्राशी जोडलं जातं आणि आपल्या चुंबकावरणाचं, म्हणजे पृथ्वीभोवतीच्या चुंबकीय कवचाचं, दार उघडतं. हे भौतिकशास्त्रज्ञ जेम्स डंजी यांनी १९६१ मध्ये मांडलं. आत आलेली ऊर्जा पृथ्वीच्या रात्रीच्या बाजूला, लांब शेपटीत साठते आणि तिथून सुटते. काही इलेक्ट्रॉन ध्रुवांकडे धावतात. शंभरेक किलोमीटर उंचीवर ऑक्सिजन हिरवा उजळतो, दोनशेच्या वर तांबडा. तांबडा उंचावर असतो म्हणून दुरून दिसतो. बाकीचे कण पृथ्वीभोवती अडकून फिरत राहतात आणि विषुववृत्ताच्या वर, वीस ते पन्नास हजार किलोमीटरच्या पट्ट्यात, विजेचं एक कडं तयार होतं. त्या कड्याचं क्षेत्र जमिनीवर पृथ्वीच्या क्षेत्राच्या विरुद्ध असतं. म्हणून आपल्याकडे उत्तरेची ओढ कमी होते. ध्रुवीय प्रकाश इंदूरपर्यंत येत नाही, ही घट मात्र येते.

१७४१ मध्ये स्वीडनच्या उप्साला इथे सेल्सियस आणि ह्योर्टर या खगोलशास्त्रज्ञांना दिसलं, की ध्रुवीय प्रकाश असतो तेव्हा होकायंत्राची सुई थरथरते. ते वाचून मी नुसती सुई टांगली आणि सहा महिने बघत बसले. रोजची बारीक हालचाल दिसे, वादळं निसटत. कारण ओळंब्यासारखं आहे: पृथ्वीची ओढ थोडी कमी झाली तरी ओळंबा खालीच लटकणार. उत्तरेकडे तोंड केलेल्या सुईला उत्तरेची ओढ कमी झाल्याचं कळत नाही. सुई आडवी, पूर्व-पश्चिम, धरून ठेवावी लागते. या सगळ्या कामाचं मर्म एवढंच आहे.

आता करायला घ्या. दोन-अडीच सेंटिमीटरची नियोडिमियम चुंबकाची कांडी घ्या, हीच आपली सुई. तिच्या बाजूला नखाएवढा आरसा चिकटवा. टांगायला पीळ नसलेला रेशमी धागा हवा. मी आईच्या जुन्या माहेश्वरीच्या पदरातून एक तंतू ओढून काढला. नायलॉन घेऊ नका, तो पीळ धरतो. कांडी लावण्याआधी त्याच धाग्याला पितळेची छोटी वस्तू रात्रभर टांगून ठेवा, म्हणजे उरलासुरला पीळ सुटेल. मग कांडी लोणच्याच्या काचेच्या बरणीत सोडा, झाकण प्लास्टिकचं. बरणी वाऱ्यासाठी आहे. पंखा बंद असला तरी श्वासानं सुई हलते.

सुई स्थिर झाली की ती चुंबकीय उत्तर दाखवते. जमिनीवर खडूनं रेघ ओढा. आता हलक्या हातानं तिला झोका द्या आणि दहा झोक्यांना लागणारा वेळ लिहून ठेवा. हा आकडा पुढे लागेल.

मग सुई आडवी धरायला पट्टीचुंबक. तो बरणीच्या वायव्येला, तिच्याच उंचीवर, हातभर अंतरावर ठेवा, उत्तर टोक बरणीकडे. त्याच रेषेत हळूहळू जवळ आणा. सुई पूर्वेकडे वळत जाईल. ती खडूच्या रेघेशी नेमकी काटकोनात आली की थांबा. शाळेतल्या साध्या चुंबकाला हे अंतर पंधरा-वीस सेंटिमीटर भरतं. आता पुन्हा दहा झोके मोजा. वेळ पहिल्याइतकाच आला तर सुईवरचं क्षेत्र पूर्वीइतकंच आहे आणि फक्त दिशा बदलली आहे. वेळ वेगळा आला तर वायव्येची रेषा चुकली आहे, पुन्हा आखा.

झोके मोजून झाल्यावरच बरणीखाली तांब्याचं ताम्हन सरकवा. सुईच्या हालचालीनं तांब्यात वीज फिरते आणि झोके लवकर थांबतात. माझं ताम्हन देवघरातलं जाडजूड आहे; पातळ पत्र्यानं काम नीट होत नाही.

आरशावर लेझर पॉइंटर रोखा आणि तीन मीटरवरच्या भिंतीवर आलेखाचा कागद लावा. लेझर डोळ्यांत जाणार नाही अशा उंचीवर ठेवा, घरात मुलं असतील तर खोलीला कडी घाला. इंदूरला उत्तरेची ओढ ३७ हजार नॅनोटेस्लाच्या (नॅनोटेस्ला हे चुंबकीय क्षेत्राचं माप) आसपास आहे. वर सांगितल्याप्रमाणे बसवलं तर १०० नॅनोटेस्लाच्या फरकाला ठिपका सुमारे १६ मिलिमीटर हलतो. एक चुंबक, दक्षिण टोक बरणीकडे करून, उत्तरेकडून किंचित जवळ आणा, ठिपका सरकेल ती बाजू वाढीची हे बघा आणि कागदावर लिहून ठेवा. माझ्याकडे डावी बाजू वाढ, उजवी घट.

सगळ्यात जास्त त्रास तापमानाचा होतो. पट्टीचुंबक तापला की कमकुवत होतो आणि निवला की सावरतो, त्यामुळे रात्रीचा गारवा हुबेहूब वादळाच्या घटीसारखा दिसतो. स्पीकरमधला काळा फेराइटचा चुंबक वापरलात तर एका अंशाला ठिपका सेंटिमीटरभर जातो. अल्निकोचा (ॲल्युमिनियम-निकेल-कोबाल्टच्या मिश्रधातूचा) असेल तर जेमतेम मिलिमीटर. प्रयोगशाळेचं सामान विकणाऱ्याकडे अल्निकोच मागा, थर्माकोलच्या पेटीत ठेवा, शेजारी थर्मामीटर लावा. खोली आतली हवी, जिच्या भिंतीला ऊन लागत नाही.

दुसरा त्रास लोखंडाचा. रोज संध्याकाळी सहाला माझा ठिपका उडी मारायचा. महिन्याभरानं कळलं, भिंतीपलीकडे भाचा स्कूटर लावत होता. जागेवर राहणारं लोखंड चालतं, हलणारं चालत नाही. मुंबईत विजेच्या ट्राम येणार म्हणून कुलाब्याची चुंबकीय वेधशाळा १९०४ मध्ये अलिबागला न्यावी लागली, तेव्हा आपण स्कूटर दहा पावलं लांब लावायला हरकत नाही. त्याच कुलाब्यात २ सप्टेंबर १८५९ ला सुमारे १६०० नॅनोटेस्लाची घट नोंदली गेली, डोळ्यांनी वाचून. माझ्या भिंतीवर ती पंचवीस सेंटिमीटर भरली असती. कागद लावताना एवढी जागा मी मुद्दाम मोकळी सोडली आहे.

नोंदीसाठी जुना मोबाइल दोन मीटर लांब ठेवून मिनिटाला एक फोटो काढायला लावा. पहिले पंधरा दिवस वादळाची वाट बघू नका. शांत दिवशी दुपारच्या आधी ठिपका काही मिलिमीटर वाढीकडे जाऊन परत येतो, ती रोजची चाल आधी ओळखीची होऊ द्या. वादळ आलं की बहुधा आधी वाढीकडे झटका बसतो, सूर्याच्या वाऱ्यानं चुंबकावरण दाबलं गेल्यामुळे. मग काही तास घट, आणि भरून यायला दोन-चार दिवस. आपली रेघ क्योटो विद्यापीठाच्या तासागणिक मिळणाऱ्या डीएसटी आकड्यांशेजारी, म्हणजे पृथ्वीभरची ही घट सांगणाऱ्या आकड्यांशेजारी, मांडा. त्या मे महिन्यात त्यांचा आकडा उणे ४०६ पर्यंत गेला होता आणि माझ्या कागदावर सुमारे ३४० ची घट होती. सगळ्यात खोल जागा मात्र दोन्हीकडे एकाच सकाळची.