एक्स्टेंशन घेण्यापूर्वी: कोड एडिटर कामाला आणि देवनागरीला जुळवून कसा घ्यावा

नवा लॅपटॉप हाती आला की व्हीएस कोड हा मायक्रोसॉफ्टचा कोड एडिटर उतरवून घ्यायचा आणि पहिल्याच संध्याकाळी कोणीतरी सुचवलेली पंचवीस-तीस एक्स्टेंशन्स, म्हणजे एडिटरला जोडायची पूरक साधने, त्यात भरून टाकायची, ही सवय इंदूरला विजयनगर भागातल्या लहान कंपन्यांत रुजू होणाऱ्या मुलामुलींमध्ये मला दर वर्षी दिसते. महिन्याभरात एडिटर उघडायला वेळ लागू लागतो, फाइल जतन करताच ओळी आपोआप हलतात, आणि हे नेमके कोणत्या एक्स्टेंशनमुळे होते ते कोणालाच सांगता येत नाही. म्हणून पुढचा क्रम सुचवतो: आधी अडचण लिहून काढावी, मग एडिटरमध्ये मुळात काय आहे ते पाहावे, आणि तरीही अडचण उरली तरच एक्स्टेंशन घ्यावे.

पहिली पायरी कागदाची आहे. कामाचे दोन दिवस शेजारी एक वही ठेवावी आणि जिथे हात थांबला तिथे वेळ व कारण अशी एकच ओळ लिहावी. अशा वहीत साधारणपणे त्याच त्या नोंदी पुन्हा पुन्हा येतात: अमुक फंक्शन कोठे लिहिले आहे ते सापडेना, एकच नाव सात फाइलींत बदलावे लागले, चाचणी चालवण्याची आज्ञा आठवेना, ही ओळ कोणी आणि कशासाठी लिहिली ते कळेना. ज्या नोंदी तीनदा किंवा अधिक वेळा आल्या असतील, तेवढ्याच हाती घ्याव्यात.

यांतल्या बऱ्याच नोंदींना एडिटरमध्येच उत्तर असते; पायथनसारख्या काही भाषांना मात्र त्यासाठी त्या भाषेचे एक एक्स्टेंशन लागते. एफ१२ ने व्याख्येवर जाता येते, शिफ्ट-एफ१२ ने ते नाव कोठे कोठे वापरले आहे ते दिसते, आणि एफ२ ने नाव बदलले म्हणजे ते सर्व फाइलींत अर्थ ओळखून बदलले जाते, केवळ अक्षरे जुळली म्हणून नव्हे. कंट्रोल-पी ने फाइल, कंट्रोल-टी ने फंक्शन किंवा क्लास, आणि कंट्रोल-शिफ्ट-पी ने एडिटरची कोणतीही आज्ञा नावाने शोधता येते. एवढ्या सहा गोष्टी बोटांत बसेपर्यंत आठवडाभर दुसरे काही घेऊ नये, असे मी नव्या सहकाऱ्यांना सांगतो.

या सोयी चालतात कशा, ते समजले तर निवड सोपी होते. पूर्वी प्रत्येक एडिटरला प्रत्येक भाषेची समज स्वतंत्रपणे शिकवावी लागे, त्यामुळे दहा एडिटर आणि वीस भाषा म्हटल्या की दोनशे जोडण्या होत. मायक्रोसॉफ्टने २०१६ च्या जूनमध्ये रेड हॅट आणि कोडेनव्ही यांच्यासह लँग्वेज सर्व्हर प्रोटोकॉल जाहीर केला. त्यानुसार भाषेची समज एका वेगळ्या प्रोग्रॅममध्ये असते आणि एडिटर त्याला ठरलेल्या पद्धतीने प्रश्न विचारतो. यातून दोन व्यावहारिक गोष्टी निघतात. एका भाषेसाठी एकच सर्व्हर ठेवावा, कारण दोन ठेवले की एकच चूक दोनदा दाखवली जाते आणि मेमरीही दुप्पट लागते. शिवाय उद्या तुम्ही निओव्हिमसारख्या दुसऱ्या एडिटरकडे वळलात तरी बहुधा तोच सर्व्हर तेथेही कामी येतो.

टर्मिनलमधली, म्हणजे आज्ञा टंकण्याच्या खिडकीतली, तीन साधने मात्र मी पहिल्याच दिवशी हाताशी ठेवतो. मोठ्या फोल्डरमध्ये मजकूर शोधण्यासाठी रिपग्रेप घ्यावे. गिट या कोडमधल्या बदलांचा इतिहास ठेवणाऱ्या साधनाच्या गिटइग्नोर फाइलीत वगळलेली फोल्डरे ते आपणहून सोडून देते, त्यामुळे नोड मॉड्यूल्स या उतरवलेल्या लायब्ररींच्या ढिगाऱ्यातली निरुपयोगी उत्तरे समोर येत नाहीत. एफझेडएफ हे दुसरे साधन. ते जोडले की कंट्रोल-आर दाबून जुन्या आज्ञांतली हवी ती आज्ञा अर्धवट आठवणाऱ्या शब्दांवरूनही सापडते, म्हणजे वहीतली ‘आज्ञा आठवेना’ ही नोंद येथे निकाली निघते.

तिसरे साधन गिटमध्येच असते आणि तरीही फार थोडे लोक ते वापरतात: गिट बायसेक्ट. परवापर्यंत चालत असलेली गोष्ट आज बिघडली असेल, तर एक चांगली कमिट (गिटमध्ये नोंदवलेला बदल) आणि एक बिघडलेली कमिट सांगावी. गिट मधली कमिट उघडून देते, तुम्ही तपासून चांगली की वाईट ते सांगता, आणि दर फेरीला उरलेला पल्ला निम्मा होतो. हजार कमिटमधून दोषी कमिट सुमारे दहा तपासण्यांत हाती लागते. तपासणी स्क्रिप्टने होत असेल तर बायसेक्ट रन ही आज्ञा सारे काम एकटीच करते. स्क्रिप्टने चांगल्या कमिटसाठी शून्य, वाईट कमिटसाठी एक, आणि जी कमिट तपासताच येत नाही तिच्यासाठी १२५ हा आकडा परत द्यावा.

कोडच्या ओळी एकसारख्या लावणारे मांडणीचे साधन निवडताना चांगले कोणते यावर वाद घालत बसू नये. जावास्क्रिप्टसाठी प्रेटियर, पायथनसाठी ब्लॅक, आणि बहुतेक एडिटरांना, काहींना एक्स्टेंशनच्या मदतीने, समजणारी एडिटरकॉन्फिग फाइल एवढे पुरे. महत्त्वाचे हे की मांडणीचे नियम प्रकल्पाच्या फोल्डरमध्ये राहावेत, कोणा एकाच्या एडिटरमध्ये नव्हे. जुन्या प्रकल्पाला ही साधने लावताना सर्व फाइलींची मांडणी एकाच स्वतंत्र कमिटमध्ये करावी आणि त्या कमिटचा क्रमांक एका फाइलीत लिहून कोणती ओळ कोणी लिहिली ते दाखवणाऱ्या गिटच्या ब्लेम या आज्ञेला ती फाइल इग्नोर-रेव्हज (वगळायच्या कमिट) म्हणून द्यावी. ही सोय गिटच्या २.२३ या आवृत्तीपासून आहे. असे केले नाही, तर पुढची अनेक वर्षे प्रत्येक ओळीपुढे मांडणी करणाऱ्याचेच नाव दिसत राहील आणि ती ओळ मुळात का लिहिली गेली तो धागा तुटेल.

आता देवनागरीकडे वळू. आपल्याकडे कचेरीत हिंदी आणि घरी मराठी चालते, त्यामुळे इंदूरमध्ये बनणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये दोन्ही भाषांचा मजकूर शेजारी शेजारी नांदतो. एक्स्टेंशनच्या तयार याद्यांत मात्र याचा विचार क्वचितच केलेला असतो. काही वर्षांपूर्वी मी येथील एका मराठी संस्थेच्या सभासद-यादीचा प्रोग्रॅम लिहीत होतो. यादीत कऱ्हाडे आडनावाचे सभासद डोळ्यांना दिसत होते, पण शोधले की त्यांतले निम्मेच सापडत. मी दीड दिवस डेटाबेसला दोष देत बसलो.

कारण असे की ‘ऱ्ह’ हे जोडाक्षर दोन प्रकारे साठवता येते. एका प्रकारात यू+०९३१ (युनिकोड या जागतिक अक्षरयादीतला क्रमांक) हा खास ऱ, मग हलन्त आणि ह असतो. दुसऱ्या प्रकारात साधा र, हलन्त, मग यू+२००डी हे न दिसणारे जोडचिन्ह आणि ह असतो. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, पण पहिल्या प्रकारातला ‘कऱ्हाडे’ सात चिन्हांचा आणि यूटीएफ-८ या साठवणीच्या पद्धतीत २१ बाइटांचा असतो, तर दुसऱ्या प्रकारातला आठ चिन्हांचा आणि २४ बाइटांचा. कोणत्या कळफलकावरून नाव भरले त्यावर प्रकार ठरतो. ‘ॲ’ची गोष्टही तशीच: यू+०९७२ हे स्वतंत्र अक्षर वेगळे आणि अ वर चंद्र देऊन बनवलेले वेगळे, म्हणून ‘ॲड्रेस’ शोधला तर अर्धे पत्ते निसटतात.

येथे युनिकोडच्या एनएफसी सामान्यीकरणाचा, म्हणजे एकाच अक्षराची वेगवेगळी रूपे एका ठरलेल्या रूपात आणण्याचा, सल्ला सहसा दिला जातो, आणि तो अर्धाच पुरतो. हिंदीतला नुक्त्याचा ड एका चिन्हाचा असो वा ड अधिक नुक्ता असा दोन चिन्हांचा असो, एनएफसीनंतर दोन्ही एकरूप होतात, त्यामुळे हिंदी नावांवर चाचणी घेणाऱ्याला सारे ठीक वाटते. परंतु वर सांगितलेल्या ‘ऱ्ह’च्या दोन रूपांना किंवा ‘ॲ’च्या दोन रूपांना एनएफसी एक करत नाही. त्यासाठी स्वतःचे दोन नियम लिहावे लागतात: र, हलन्त आणि जोडचिन्ह असा क्रम दिसला की त्याजागी ऱ व हलन्त ठेवावेत, आणि अ वर चंद्र दिसला की त्याजागी यू+०९७२ ठेवावे. हे दोन नियम एनएफसीनंतर, मजकूर साठवताना आणि शोधशब्द घेताना, अशा दोन्ही ठिकाणी चालवावेत. एका ठिकाणी विसरले तर काही नावे निसटतच राहतील. जोडचिन्ह सरसकट पुसून टाकण्याचा मोह मात्र आवरावा, कारण तसे केले की दुसऱ्या प्रकारातल्या नावाचा ‘ऱ्ह’ जाऊन तेथे रफार उमटतो आणि माणसाचे आडनावच बदलते.

एडिटरमध्ये हे पाहता यावे यासाठी वेगळे एक्स्टेंशन लागत नाही. व्हीएस कोडच्या शोधपेटीत रेग्युलर एक्स्प्रेशनची (नमुना देऊन शोधण्याची) कळ चालू करून रोमन लिपीत उलटी तिरपी रेघ, लहान यू आणि त्यापुढे २००डी असे टंकले की न दिसणारे प्रत्येक जोडचिन्ह सापडते. त्याशिवाय युनिकोड हायलाइट या नावाखाली काही सेटिंग्ज आहेत. ज्या फोल्डरवर तुम्ही अजून विश्वास नोंदवलेला नाही त्यात ही सेटिंग्ज देवनागरी अक्षरांभोवतीही चौकटी काढतात. ते पाहून काही जण ही सोय कायमची बंद करून टाकतात, आणि ते चूक आहे. केंब्रिज विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२१ मध्ये दाखवून दिले की लेखनदिशा बदलणारी अदृश्य चिन्हे वापरून वाचणाऱ्याला एक आणि कंपायलरला दुसराच कोड दाखवता येतो. चौकटी त्याच धोक्यासाठी आहेत. फोल्डर तुमचे असेल तर विश्वास नोंदवावा, सोय बंद करू नये.

अक्षरे मोजायची असतील तर लांबीच्या साध्या फंक्शनवर भिस्त ठेवू नये. ‘कऱ्हाडे’ वाचणाऱ्याला तीन अक्षरांचा वाटतो आणि फंक्शन सात किंवा आठ सांगते. जावास्क्रिप्टमध्ये मजकूर अक्षरा-अक्षरांत तोडून देणारा इंटल सेगमेंटर वापरावा, पण जोडाक्षर अखंड धरण्याचा नियम युनिकोडच्या १५.१ या २०२३ च्या आवृत्तीत आला असल्याने जुन्या ब्राउझरवर तो जोडाक्षर मधेच तोडू शकतो, हे चाचणीत धरून चालावे. फाँटबद्दल थोडक्यात: बहुतेक कोडिंग फाँटांत देवनागरी नसते, म्हणून फाँटांच्या यादीत दुसऱ्या क्रमांकावर नोटो सॅन्स देवनागरी किंवा मुक्ता लिहावा आणि ओळींतले अंतर थोडे वाढवावे, म्हणजे वेलांट्या व उकार कापले जात नाहीत.

इतके करूनही अडचण उरली तर एक्स्टेंशन घ्यावे, परंतु ते काय असते हे ध्यानात ठेवून. व्हीएस कोडमधले एक्स्टेंशन तुमच्याच अधिकारांनी चालते: ते तुमच्या फाइली वाचू शकते, नेटवर्कवर जाऊ शकते, दुसरे प्रोग्रॅम सुरू करू शकते. म्हणून प्रकाशकाचे नाव अक्षर अक्षर वाचावे, कारण प्रसिद्ध एक्स्टेंशनच्या नावाशी मिळतीजुळती नावे घेऊन फसवणारे असतात. मूळ कोडची रेपॉझिटरी (गिटने जपलेला कोडचा साठा) उघडून शेवटचा बदल केव्हाचा आहे ते पाहावे, आणि रंग बदलण्यापुरत्या थीमसोबत प्रोग्रॅम येत असेल तर तो कशासाठी, असे स्वतःला विचारावे. कोड सुचवणाऱ्या एआय साहाय्यकांना हीच कसोटी आणखी काटेकोरपणे लावावी. तुमचा कोड बाहेरच्या सर्व्हरवर जातो, तेव्हा ग्राहकाशी झालेल्या करारात त्याला मुभा आहे की नाही हे आधी लेखी विचारून घ्यावे.

एडिटर मंदावला असेल तर अंदाजाने एक्स्टेंशन्स काढत बसू नये. ‘शो रनिंग एक्स्टेंशन्स’ ही आज्ञा प्रत्येक एक्स्टेंशनला सुरू व्हायला किती मिलिसेकंद लागले ते दाखवते. विचित्र बिघाड असेल तर ‘स्टार्ट एक्स्टेंशन बायसेक्ट’ चालवावे. गिटमधलीच निम्मे-निम्मे करण्याची रीत येथे एक्स्टेंशन्सवर चालते आणि तिसांतून दोषी एक्स्टेंशन पाचेक फेऱ्यांत सापडते. पायथनचे काम आणि जावास्क्रिप्टचे काम यांसाठी व्हीएस कोडमध्ये वेगवेगळी प्रोफाइले, म्हणजे सेटिंग्ज व एक्स्टेंशन्सचे स्वतंत्र संच, ठेवली तर बिघाडाची शक्यताही कमी होते आणि एका कामाची एक्स्टेंशन्स दुसऱ्या कामात सुरू होत नाहीत.

शेवटी, गटात जे ठरले ते प्रकल्पाच्या व्हीएसकोड फोल्डरमधल्या एक्स्टेंशन्स फाइलीत शिफारस म्हणून नोंदवावे आणि प्रत्येक नावासमोर ते कोणत्या अडचणीसाठी घेतले ती एक ओळ रीडमी या प्रकल्पाच्या माहितीच्या फाइलीत मराठीत किंवा हिंदीत लिहावी. नवा सहकारी आला की त्याच्या कोऱ्या मशीनवर केवळ रेपॉझिटरी उतरवून काम सुरू करायला सांगावे, तो कोठे अडतो ते शेजारी बसून पाहावे, आणि जिथे अडला ती गोष्ट त्याच दिवशी त्या फाइलींत भरावी.