लात्व्हियन शिकताना इंग्रजीची वही बंद करा

मी कऱ्हाडची. 2019 च्या ऑगस्टमध्ये नवऱ्याच्या नोकरीमुळे लात्व्हियाच्या राजधानीत, रीगाला आले, तेव्हा मी छत्तीस वर्षांची होते आणि मुलगी चार. तिच्या बालवाडीच्या भिंतीवर पहिल्याच आठवड्यात एक सूचना लागली. मी तिच्यासमोर पाच मिनिटं उभी होते, एक अक्षर कळलं नाही. फोटो काढून घरी आणला आणि एकेक शब्द शोधत बसले. मुलांना आत घालायला वेगळी पादत्राणं आणा, एवढंच होतं त्यात. ‘मइन्यस अपवि’. माझ्या लात्व्हियनची सुरुवात या दोन शब्दांनी झाली.

नंतर मी एका वर्गाला जाऊ लागले. शिकवणं इंग्रजीतून. एके दिवशी ‘मन इर मेइता’ हे वाक्य आलं आणि शिक्षिका दहा मिनिटं समजावत राहिल्या, की इथे ‘मी’ कर्ता नाही, ‘माझ्याकडे’ असंही नाही, हे जरा वेगळंच आहे. मी वहीत शब्दाखाली शब्द लिहिला: मन म्हणजे मला, इर म्हणजे आहे, मेइता म्हणजे मुलगी. मला मुलगी आहे. यात समजावण्यासारखं काय होतं? त्या रात्री मी वहीतला इंग्रजीचा रकाना खोडला आणि तिथे मराठी लिहायला लागले. तुम्हीही पहिल्या दिवसापासून तेच करा.

आपण जिथे जिथे ‘मला’ म्हणतो, तिथे बहुतेक वेळा लात्व्हियनमध्ये ‘मन’ येतं. मन पतीक, मला आवडतं. मन इर औक्स्ति, मला थंडी वाजतेय (हे नोव्हेंबर ते मार्च रोज लागेल). मन ग्रिबस एस्त, मला खावंसं वाटतंय. ‘खावंसं वाटणं’ इंग्रजीत ‘मला’ने सांगता येत नाही, इथे मात्र जसंच्या तसं आहे. आणि क्रियापदाआधी ‘या’ लावला की ‘पाहिजे’चा अर्थ येतो: मन याइएत, मला गेलं पाहिजे. मन यामात्सास, मला शिकायला पाहिजे. ‘मन’ने सुरू होणारी अशी पंचवीस वाक्यं आधी तोंडपाठ करा. व्याकरणाचे तक्ते पुढच्या महिन्यात बघा.

आता उच्चार. लिपी रोमन आहे, अक्षरं 33. स्वरावर आडवी रेघ असली की तो दीर्घ. हे हलक्यात घेऊ नका: ‘काझस’ म्हणजे लग्न आणि ‘कझस’ म्हणजे बकऱ्या. ऱ्हस्व-दीर्घासाठी शाळेत जेवढे गुण गेले असतील, ते इथे भरून काढा. व्यंजनाखाली स्वल्पविरामासारखी खूण दिसली की त्यात ‘य’ मिसळायचा, ल्य, न्य. आघात जवळजवळ नेहमी पहिल्या अक्षरावर असतो. ‘पल्दिएस’ (धन्यवाद) हा रोजचा अपवाद, त्यात तो दुसऱ्यावर पडतो. त, द, प, क हे आपलेच, त्यात ‘ह’ची फुंकर नको. आणि सगळ्यात मोठा फायदा च-ज चा. लात्व्हियनमध्ये दोन च आहेत, एक चुलीतला आणि एक चहातला. इंग्रजीतून शिकणारे या दोघांत अडखळतात; आपण दोन्ही घेऊनच जन्माला येतो. (या लेखात चुलीतला च मी ‘त्स’ असा लिहिलाय.)

विभक्त्यांना लोक सर्वांत जास्त घाबरतात. सात विभक्त्या ऐकून माझ्या वर्गातली दोघं यायचीच बंद झाली. पण आपण सामान्यरूपावर वाढलेली माणसं. घोडा, पण घोड्याला. तसं ब्रालिस म्हणजे भाऊ, आणि ब्राल्या म्हणजे भावाचा. लात्सिस म्हणजे अस्वल, आणि लाचा म्हणजे अस्वलाचा. इथे चुलीतल्या च चा चहातला च झाला. ‘चमचा’ आणि ‘चमचे’ मोठ्याने म्हणून बघा, तेच होतं. ‘घरात’मधला ‘त’ इथे वेगळा लागत नाही, शेवटचा स्वर लांबतो: तिर्गुस म्हणजे बाजार, तिर्गू म्हणजे बाजारात. एका वेळी एकच विभक्ती घ्या आणि दोन आठवडे तीच वापरा. मी सप्तमीने सुरुवात केली, कारण बसमध्ये फोनवर नवरा हमखास विचारायचा, ‘कुठे आहेस?’ एखाद्या शब्दाची सगळी रूपं हवी असतील तर तेझाउर्स नावाचा मोफत ऑनलाइन शब्दकोश आहे; शब्द टाकला की पूर्ण तक्ता समोर येतो.

शब्दसंग्रहातही ओळखीचे चेहरे भेटतील, कारण दोन्ही भाषांचं मूळ फार मागे जाऊन एक होतं. दिएव्स म्हणजे देव, उगुन्स म्हणजे अग्नी, दूमि म्हणजे धूर, मेदुस म्हणजे मध, रत्स म्हणजे चाक (रथ आठवा). प्रश्नांचे शब्दही बहुतेक ‘क’चेच: कस म्हणजे काय, कद म्हणजे कधी, कुर म्हणजे कुठे. पण जपून, मासा म्हणजे बहीण. आणि ‘तु’ व ‘यूस’ यांत तू आणि तुम्ही एवढाच फरक आहे. दुकानदार, डॉक्टर, शेजारच्या आजी, सगळ्यांना ‘यूस’च म्हणा.

सराव कुठे करायचा? मध्यवर्ती बाजारात. झेपेलिन नावाच्या प्रचंड वायुनौकांसाठी बांधलेल्या शेडचा सांगाडा वापरून उभारलेल्या पाच मोठ्या दालनांत हा बाजार 1930 पासून भरतोय. मी दर शनिवारी एकाच भाजीवालीकडे जायचे, तीन वाक्यं ठरवून. ‘त्सिक मक्सा?’ म्हणजे कितीला, ‘पुसकिलोग्रामु’ म्हणजे अर्धा किलो, आणि त्या आठवड्याचं एक नवं वाक्य. तिच्याकडच्या ‘दिल्लेस’ म्हणजे आपला शेपू, तो इथे बटाट्यावरही पडतो. मूगडाळ घालून शेपूची भाजी कशी करतात, हे तिला सांगायला मला चार शनिवार लागले. तेवढ्यात मी जे शिकले ते वर्गात दोन महिन्यांत शिकले नव्हते.

एक अडचण सगळ्यांना येते. तुम्ही अडखळलात की समोरचा मदत म्हणून इंग्रजीत किंवा रशियनमध्ये बोलायला लागतो. त्यात त्याचा चांगुलपणाच असतो, पण शिकणं तिथेच थांबतं. म्हणून हे एक वाक्य पहिल्या आठवड्यातच पाठ करा: ‘लूद्झु, लत्विस्कि. एस मात्सुओस.’ कृपया लात्व्हियनमध्ये, मी शिकतेय. जोडीला ‘रुनायिएत लेनाक’, हळू बोला. हे ऐकून माझ्यावर आजवर कुणी चिडलं नाही. बहुतेकांचा चेहरा खुलतो आणि ते खरंच हळू बोलतात.

कायमच्या निवासाच्या परवान्यासाठी पाच वर्षं सलग राहावं लागतं आणि भाषेची ए-2 पातळीची (रोजचं साधं बोलणं जमण्याइतकी) परीक्षा द्यावी लागते. ऐकणं, वाचणं, लिहिणं, बोलणं असे चार भाग असतात. मला ऐकण्याचा भाग जड गेला, कारण तोवर मी वाचूनच शिकत होते. तुम्ही तसं करू नका. ट्राममध्ये ‘नाकमा पिएतुरा’ (पुढचा थांबा) ऐकू आलं की नाव मनात म्हणा, मग पाटीशी ताडून बघा. घरी भाकरी थापताना रेडिओ लावून ठेवा. सुरुवातीला ती नुसती कुजबुज वाटते. तिसऱ्या-चौथ्या महिन्यात एखाद्या सकाळी हवामान कळतं, आणि मुलीला छत्री द्यायची की नाही ते तुम्ही खिडकीतून न बघता ठरवता.