पीसीआय स्कॅन सारखं नापास: दोष कार्ड मशीनचा नव्हताच

कॅम्पस स्टोअरचं तिमाही पीसीआय स्कॅन (कार्ड पेमेंटच्या सुरक्षा नियमांसाठी बाहेरून होणारी नेटवर्कची तपासणी) तीनदा नापास. शेरा तोच: पोर्ट ८४४३ वर टीएलएस १.० (एन्क्रिप्शनची जुनी, असुरक्षित आवृत्ती) चालू. बिलिंगचा पीसी अपडेट केला, कार्ड मशीनचं फर्मवेअरही बदललं, फरक शून्य. डोकं उठलं होतं.

शेवटी मोबाइल डेटावरून स्टोअरचा आयपी आणि तो पोर्ट टाकून पाहिला, तर समोर राउटरचं लॉगिन पान! म्हणजे तो पोर्ट राउटरच उघडा ठेवत होता.

आधी रिमोट ॲडमिन (बाहेरून राउटरची सेटिंग्ज उघडायची सोय) बंद केलं, राउटरचा पासवर्ड बदलला. मग कार्ड मशीन एकटं वेगळ्या व्हीलॅनवर (त्याच उपकरणांवर वेगळं पाडलेलं नेटवर्क) टाकलं. सीसीटीव्ही, प्रिंटर जुन्याच नेटवर्कवर. त्या व्हीलॅनला फायरवॉलमध्ये सगळं अडवून फक्त पेमेंट प्रोसेसरकडे जाणारा मार्ग मोकळा ठेवला. एक खरा व्यवहार करून पाहिला, मगच पुन्हा स्कॅन लावलं. पास. सीव्हीएसएस गुण (त्रुटी किती गंभीर ते सांगणारे ० ते १० मधले गुण) ४.० किंवा त्यावर असलेली एकही त्रुटी चालत नाही, त्यामुळे अहवालात आधी तोच रकाना बघा.