९११ केंद्रात टीटीवाय डिटेक्टर बसवताना

टीटीवाय म्हणजे फोनच्या लाइनवरून टाइप केलेला मजकूर सुरांच्या रूपात पाठवणारं आणि आलेला मजकूर पडद्यावर दाखवणारं यंत्र. डिटेक्टर हे सूर ओळखून इशारा देतो. त्याचं खोकं उघडण्याआधी एक गोष्ट पक्की ध्यानात घ्या. टीटीवायवरून फोन करणाऱ्या कर्णबधिर माणसाने कळ दाबेपर्यंत लाइनवर काहीही ऐकू येत नाही. फॅक्स यंत्र आपणहून सूर काढतं. अमेरिकेतलं टीटीवाय टाइप करत नसेल तेव्हा पूर्ण गप्प असतं. त्यातून टीटीवायवर बोलण्याची रीत अशी की फोन घेणारा आधी टाइप करतो. त्यामुळे घाबरलेला माणूस ९११ हा अमेरिकेतला आपत्कालीन क्रमांक लावून नुसता पडद्याकडे बघत तुमच्या पहिल्या ओळीची वाट पाहत असतो. डिटेक्टरच्या दृष्टीने हा कॉल नाहीच. म्हणून डिटेक्टर बसवला म्हणजे काम झालं, असं समजणाऱ्या केंद्रात नेमके हेच कॉल तुटतात.

अमेरिकेच्या १९९० च्या अपंगत्व कायद्याखालच्या नियमांत आपत्कालीन दूरध्वनी सेवेने टीटीवाय वापरणाऱ्यांना ‘थेट’ सेवा द्यावी असं म्हटलेलं आहे. थेट याचा अर्थ ७११ च्या रिले सेवेतल्या, म्हणजे टाइप केलेलं वाचून दाखवणाऱ्या आणि बोललेलं टाइप करणाऱ्या मध्यस्थामार्फत नव्हे, आणि कर्णबधिरांसाठी ठेवलेल्या वेगळ्या सात आकडी क्रमांकावर तर नव्हेच. ९११ हाच क्रमांक, तोच कॉल घेणारा, तेच टेबल. खालची सगळी जोडणी या अटीभोवती फिरते. भारतात टीटीवायचा प्रसार झाला नाही. त्यामुळे पुण्यात बसून अमेरिकी केंद्रांच्या प्रणाली सांभाळणाऱ्यांनी हे यंत्र बहुधा हाताळलेलं नसतं. त्यांच्यासाठी काही गोष्टी मुळापासून सांगितल्या आहेत.

डिटेक्टर काय ऐकतो

अमेरिकेतलं टीटीवाय बॉडो संकेत वापरतं. दोनच सूर: १ साठी १४०० हर्ट्झ, ० साठी १८०० हर्ट्झ. वेग सेकंदाला ४५.४५ बिट, म्हणजे एक बिट २२ मिलिसेकंदांचा. एका अक्षराला सुरुवातीचा एक बिट, अक्षराचे पाच आणि शेवटी किमान दीड. म्हणजे सुमारे १६५ मिलिसेकंद. सेकंदाला सहा अक्षरं, यापेक्षा जास्त वेग नाही. ३५ अक्षरांचा प्रश्न पाठवायलाच सहा सेकंद लागतात, हे कॉल घेणाऱ्याला माहीत नसेल तर तो मधेच अधीर होतो.

काही यंत्रं ३०० बॉडचा आस्की संकेतही वापरतात आणि त्याचे सूर वेगळे असतात: फोन करणाऱ्या बाजूचे १०७० आणि १२७०, घेणाऱ्या बाजूचे २०२५ आणि २२२५ हर्ट्झ. डिटेक्टर विकत घेतानाच तो दोन्ही प्रकार ओळखतो का ते विचारा. नियमात टीटीवायबरोबर संगणकाच्या मोडेमचाही उल्लेख आहे.

कुठे जोडायचा

दोन जागा शक्य आहेत: ट्रंकवर, म्हणजे बाहेरून केंद्रात येणाऱ्या लाइनवर, किंवा कॉल घेणाऱ्याच्या टेबलापाशी. आठ ट्रंक आणि पाच टेबलं असतील तर पहिल्या पद्धतीत आठ डिटेक्टर लागतील, दुसऱ्या पद्धतीत पाच. आमचा कौल टेबलाच्या बाजूने. इशारा जिथे माणूस बसला आहे तिथेच होतो, आणि कॉल एका टेबलावरून दुसऱ्यावर गेला तर तिथेही तो नव्याने ओळखला जातो. शिवाय ट्रंकवर क्रमांक पाठवण्यासाठी ७०० ते १७०० हर्ट्झमधले जोडसूर येत असतात. डिटेक्टर तिथे बसवला आणि त्याला सुरुवातीचे ते संकेत सोडून द्यायला सांगितलं नाही, तर साध्या आवाजी कॉललाही तो टीटीवाय म्हणू शकतो.

ट्रंकच्या बाजूला एकच मोठा फायदा आहे. सगळी टेबलं भरलेली असताना रांगेत थांबलेला टीटीवाय कॉल तिथे ओळखता येतो. तुमच्याकडे रांग लागत असेल तर रांगेतली ‘कृपया थांबा’ ही ध्वनिमुद्रित सूचना बॉडो सुरांतही वाजली पाहिजे. ती नसेल तर कर्णबधिर माणसाला पडदा कोरा दिसतो आणि तो फोन ठेवतो. ‘अमुकसाठी १ दाबा’ अशी आवाजी पायरी वाटेत असेल तर ती ९११ च्या मार्गातून काढूनच टाका.

ॲनालॉग लाइनवरची जोडणी

१. लाइन पुरवणाऱ्या कंपनीला आणि केंद्राच्या पर्यवेक्षकाला वेळ कळवा. ते टेबल कॉल वाटपातून बाहेर काढा. चालू टेबलावर तारांना हात लावू नका.

२. मल्टिमीटरने फोन ठेवलेल्या स्थितीतला दाब मोजून लिहून ठेवा. तो साधारण ४८ व्होल्ट डीसी असतो. घंटी वाजताना मात्र सुमारे ९० व्होल्ट एसी येतो आणि त्याचा झटका चांगलाच बसतो, म्हणून उघड्या तारा बोटांनी धरून काम करू नका.

३. डिटेक्टर टिप आणि रिंग या दोन तारांना समांतर जोडा. घराघरातल्या जुन्या अमेरिकी तारांत हिरवी टिप असते आणि लाल रिंग. केंद्रातल्या पट्टीवर रंग वेगळे असू शकतात, तेव्हा रंगावर नव्हे, मीटरवर विश्वास ठेवा.

४. पुन्हा दाब मोजा. आधीच्या आकड्यापेक्षा तो ठळकपणे उतरला असेल तर डिटेक्टर लाइनवर भार टाकतो आहे. त्याने घंटी अडेल किंवा आवाज मंद होईल. जोडणी काढा आणि उपकरण समांतर जोडण्याजोगं, म्हणजे उच्च रोधाचं आहे का ते तपासा.

५. डिटेक्टरच्या रिलेचे, म्हणजे आतल्या विजेच्या खटक्याचे, कोरडे (स्वतः वीज न देणारे) संपर्क टेबलावरच्या दिव्याला किंवा कॉल हाताळणाऱ्या प्रणालीच्या इनपुटला जोडा. ‘टीटीवाय कॉल’ असा बोलका इशारा देणारं उपकरण असेल तर तो आवाज फक्त ऑपरेटरच्या कानात जाईल अशी सोय करा. तो लाइनवर गेला तर त्याच क्षणी येत असलेली अक्षरं बिघडतात, आणि बिघडतात ती नेमकी पहिली अक्षरं, ज्यात पत्ता असू शकतो.

६. वीजपुरवठा केंद्राच्या अखंड वीज यंत्रणेवरूनच घ्या. भिंतीतल्या साध्या सॉकेटवर लावलेला डिटेक्टर वादळात, म्हणजे गरज सर्वांत जास्त असते तेव्हा, बंद पडतो.

संवेदनशीलता

बहुतेक उपकरणांत दोन गोष्टी ठरवता येतात: किती मंद सूर ओळखायचा, आणि किती वेळ किंवा किती अक्षरं ऐकल्यावर इशारा द्यायचा. एकाच अक्षरावर इशारा लावला तर शीळ, भोंगा, लहान मुलाचा चढा आवाज, होल्डचं संगीत, सगळ्यांवर दिवा लागतो. आठवडाभरात ऑपरेटर दिव्याकडे बघणं सोडून देतात. फार उशिरा लावला तर एकदोनदा स्पेस बार दाबून थांबणारा माणूस निसटतो, आणि अनेक टीटीवाय वापरणारे ९११ ला एवढंच करतात. दोन-तीन अक्षरांपासून, म्हणजे अर्ध्या सेकंदाच्या आसपास सुरुवात करा, चाचणी घ्या आणि मग सरकवा. खोटे इशारे थोडे जास्त आले तरी चालतील. खोट्या इशाऱ्यात काही सेकंद जातात, सुटलेल्या कॉलमध्ये माणूस जातो.

टेबलावर काय हवं

प्रत्येक टेबलावर स्वतःचं टीटीवाय किंवा प्रणालीतच टीटीवायची खिडकी. पाच टेबलांमध्ये एक यंत्र फिरवणं म्हणजे इशारा मिळूनही उत्तर न मिळणं. ध्वनिजोडणीचं, म्हणजे रिसीव्हर रबरी कपांत बसवायचं यंत्र केंद्रात वापरू नका. असा जोड १९६४ मध्ये रॉबर्ट वाइटब्रेख्ट या कर्णबधिर भौतिकशास्त्रज्ञाने टेलिप्रिंटर साध्या फोनवर चालवण्यासाठी काढला, आणि घरोघरी त्याने मोठं काम केलं. पण गजबजलेल्या खोलीतला आवाज कपांत शिरतो, आणि चौकोनी रिसीव्हर त्यात नीट बसत नाही. थेट तारेने जोडा.

टीटीवाय चालू होताच ऑपरेटरचा हेडसेट माइक बंद झाला पाहिजे. शेजारच्या टेबलावरचं बोलणं त्या माइकमधून लाइनवर जातं आणि समोरच्या पडद्यावर भलतीच अक्षरं उमटवतं. कॉल करणारा स्वतः बोलून फक्त उत्तर वाचणार असेल, तर मात्र ऐकणं चालू हवं; म्हणून माइक आणि कानातला आवाज यांचे खटके वेगळे ठेवा. संभाषणाची ध्वनिमुद्रणं, फोन करणाऱ्याचा क्रमांक आणि पत्ता दाखवणारा पडदा, दुसऱ्या केंद्राला कॉल जोडणं, या सगळ्या सोयी टीटीवाय कॉललाही चालतात का ते एकेक करून पाहा. जोडून दिल्यावर टीटीवायचा मार्ग तुटणं हा नेहमीचा दोष आहे.

आता मुख्य मुद्दा. आवाजी स्वागतानंतर शांतता असेल तर दिवा लागो न लागो, ऑपरेटरने लगेच टीटीवायवरून प्रश्न पाठवायचा. तयार मजकूर एका कळीवर ठेवा: ‘नाईन वन वन, व्हॉट इज युअर इमर्जन्सी, जीए’. शेवटचं जीए म्हणजे ‘आता तुम्ही’. ते विसरलं तर दोघंही एकमेकांची वाट बघत बसतात, कारण बॉडोमध्ये एका वेळी एकानेच टाइप करायचं असतं. संभाषण संपलं हे एसकेने कळवतात. तुटलेल्या आवाजी कॉलना तुमचं केंद्र परत फोन करत असेल, तर तुटलेल्या मूक कॉलनाही परत फोन करा, आवाजानेही आणि टीटीवायनेही.

गिचमिड मजकूर

पाच बिटांत ३२ च संकेत मावतात, म्हणून अक्षरं आणि आकडे तेच संकेत वापरतात आणि मधे एक ‘बदल’ संकेत जातो. तो एक संकेत हरवला की पुढचं सगळं चुकतं. अशा वेळी कीबोर्डची वरची ओळ क्यूपासून पीपर्यंत १, २, ३ ते ० अशी दिसते. ‘क्वाएट’ (QUIET) हा शब्द १७८३५ असा येतो. ऑपरेटरला हे तक्त्यावर लिहून द्या, म्हणजे आलेले आकडे फेकून न देता तो वाचू शकेल. यंत्राची स्पेस कळ काही वेळा दाबली, किंवा समोरच्याला दाबायला सांगितली, की बहुतेक वेळा अक्षरं जागेवर येतात.

मजकूर सतत तुटत असेल तर लाइन इंटरनेटवरून जाते आहे का बघा. दाबून लहान केलेला आवाज, उदाहरणार्थ जी.७२९, टीटीवायचे सूर मोडतो. मार्गात सगळीकडे जी.७११, म्हणजे आवाज असा दाबून लहान न करणारा प्रकारच हवा. शांततेत पॅकेट, म्हणजे इंटरनेटवरून जाणारे आवाजाचे छोटे तुकडे, न पाठवण्याची सोय बंद करा, नाहीतर पहिल्या अक्षराचा सुरुवातीचा भाग कापला जातो. आणि पॅकेटांची गळती तपासा. एका पॅकेटमध्ये साधारण २० मिलिसेकंद आवाज असतो, म्हणजे जवळजवळ अख्खा एक बिट. एक अक्षर आठ-नऊ पॅकेटांवर पसरतं. त्यामुळे शंभरात एक पॅकेट हरवलं तरी बारा अक्षरांपैकी एकाला धक्का लागू शकतो, आणि त्यात तो ‘बदल’ संकेत असला तर पुढचा सगळा मजकूर जातो. एक टक्का गळतीत बोलणं व्यवस्थित कळतं, म्हणूनच नेटवर्कवाले ‘लाइन चांगली आहे’ असं सांगतात आणि ते त्यांच्या परीने खरंही असतं. त्यांना टीटीवायचा चाचणी मजकूर छापून दाखवा.

मोबाइलवरून येणारे कॉल वेगळे. अमेरिकेच्या संचार आयोगाने २०१६ मध्ये बिनतारी सेवांना टीटीवायऐवजी रिअल-टाइम टेक्स्ट वापरायची मुभा दिली. त्यात अक्षर टाइप होताच समोर दिसतं आणि दोघं एकदम लिहू शकतात. पण तुमचं केंद्र ते घेत नसेल तर मधला गेटवे त्याचे बॉडो सूर करून पाठवतो. म्हणजे तुमच्या डिटेक्टरला तो साधा टीटीवाय कॉलच वाटतो: सगळी अक्षरं कॅपिटल, इमोजी गायब. हा मार्गही चाचणीत धरा.

चाचणी

बाहेरच्या खऱ्या लाइनवरून, न सांगता चाचणी कॉल करा. निम्मे मूक, निम्मे टाइप करून. प्रत्येक टेबलावर आणि प्रत्येक पाळीत. नोंदवहीत तारीख, वेळ, टेबल, ऑपरेटर, कॉल मूक होता की सुरांचा, टीटीवायवर उत्तर आलं का, काय आलं, आणि किती घंट्यांनी व किती सेकंदांनी आलं, एवढं लिहा. सुरांचे कॉल उत्तीर्ण आणि मूक कॉल नापास असतील तर डिटेक्टर ठीक आहे, प्रशिक्षण कमी आहे. ते किमान दर सहा महिन्यांनी पुन्हा द्या. दोन्ही नापास असतील तर तिसऱ्या पायरीपासून तारा तपासायला घ्या. एकाच टेबलावर नापास असेल तर आधी हेडसेटचा खटका आणि टीटीवायची केबल बघा. साफसफाईत ती निघालेली असते.